हात नको आणि हात लावा

मंगळवार, ९ जानेवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. मी वजनमापांच्या दालनात एका उलट्या खोक्यावर बसलो आहे आणि काचवाला येईपर्यंत एका उघड्या कपाटाची राखण करतो आहे.

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो. खिशातला चष्मा पडला. फुटला नाही, म्हणून पुढे लिहितो.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी विचारलं तेव्हा तुम्ही ‘आहे तिथेच आहे’ म्हणालात, त्यावरून दुखणं कमी की जास्त याचा मला नीट अंदाज आला नाही. मामींचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांना मिरच्यांच्या पोत्याशेजारी बसवू नका, हे मी पूर्वीही सुचवलं होतं आणि तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं होतं. मी इथे बरा आहे. जेवण वेळेवर होतं, कपडे मी स्वतः धुतो, आणि तुम्ही दिलेली छत्री अजून हरवलेली नाही.

आता रविवारच्या फोनबद्दल. तुम्ही म्हणालात, दुकानातला माणूस सोडून गेला, गल्ल्यावर घरचं कोणीतरी पाहिजे, धूळ पुसण्याची हौस पुरे झाली, महिना संपला की सामान बांध आणि ये. त्यावर मी ‘बरं’ म्हणालो. मामा, ते ‘बरं’ ऐकू आलं या अर्थाचं होतं. होकाराचं ‘बरं’ मी जरा लांबवून म्हणतो, मामींना विचारा. हे मी तिथल्या तिथे सांगणार होतो, पण तुम्ही फोनवर बोलता तेव्हा मध्ये शिरायला फट नसते, आणि मला फट सापडेपर्यंत तुम्ही फोन ठेवलेला असतो. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. (येईल, पण मला ते कळणार नाही.)

गोष्ट अशी आहे की मला इथे कायम ठेवायचं की नाही, याचा एक कागद तयार होऊन पडला आहे. त्यावर दोन सह्या लागतात. महिनाअखेरपर्यंत दोन्ही झाल्या तर मी इथला, नाही झाल्या तर तुमच्या गल्ल्यावरचा. तुम्ही म्हणाल, दोन सह्यांना असा किती वेळ लागतो? मामा, ज्या दोन माणसांच्या सह्या हव्यात त्यांनी आजवर एका कागदावर सही केलेली कोणी पाहिलेली नाही. हजेरीपुस्तकाचीसुद्धा त्यांनी दोन वेगळी पानं पाडून घेतली आहेत. तेव्हा ही माणसं कोण, हे आधी सांगतो.

पहिल्या आमच्या क्युरेटर बाई. क्युरेटर म्हणजे संग्रहालयात वस्तूंच्या बाजूने बोलणारा माणूस. वस्तू कुठून आली, खरी की खोटी, तिला किती उजेड चालतो, ओल लागली तर काय होईल, हे सगळं बाईंनी बघायचं. वस्तूंना तोंड नसतं, त्यामुळे बाईंना बरंच बोलावं लागतं, आणि त्यातलं बहुतेक बोलणं दोनच शब्दांचं असतं: ‘हात नको!’ हे त्या ओरडून म्हणत नाहीत. अगदी हळू, मागून येऊन, कानाजवळ म्हणतात, त्यामुळे माणूस जास्त दचकतो. एकदा संचालकसाहेब काचेवर बोट ठेवून पाहुण्यांना काही दाखवत होते, तर बाईंनी रुमाल काढला आणि साहेबांचं बोट हलायची वाट बघत शेजारी उभ्या राहिल्या. साहेबांनी बोट काढलं. नंतर खिशातून हात काढलाच नाही. आम्ही कर्मचारी मंडळी बाईंना आपसात ‘हात नको’ म्हणतो. हे त्यांना माहीत आहे.

दुसरे शिक्षण विभागाचे सर. हे बघायला येणाऱ्या माणसांच्या बाजूने बोलतात, त्यातही लहान मुलांच्या. शाळांच्या सहली आल्या की त्यांना फिरवायचं, गोष्टी सांगायच्या, त्यांचे प्रश्न ऐकायचे. सर वयाने चाळिशीचे आहेत पण दिवसातला निम्मा वेळ जमिनीवर बसलेले असतात, कारण त्यांचं म्हणणं असं की कुठलीही वस्तू आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून बघितल्याशिवाय ती कशी दिसते हे कळत नाही. आमची निम्मी कपाटं त्या उंचीवरून फक्त लाकूड दिसतात, हा शोध त्यांचाच. सरांचा आग्रह असा की जे हाताला लागत नाही ते डोक्यात राहत नाही. तेव्हा त्यांचं नाव काय पडलं असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. ‘हात लावा’.

मामा, ही दोन्ही माणसं फार मोठी आहेत, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायला नको. बाईंनी एखादा जुना तराजू उचलला की मला वाटतं आपण श्वास घेऊ नये. दांडी एका हाताच्या तळव्यावर, पारडी दुसऱ्या हातावर, साखळ्यांना एकमेकींची चाहूलसुद्धा लागू न देता त्या चालतात. आणि सर बोलायला लागले की भिंतीला टेकून उभा असलेला सहलीचा ड्रायव्हर पुढे येऊन मुलांत बसतो. दोघं एकमेकांच्या पाठीमागे एकमेकांचं कौतुक करतात, हेही मी ऐकलं आहे. (बाई म्हणाल्या होत्या, ‘माणूस हुशार आहे, फक्त जवळपास वस्तू नसाव्यात.’ मी हे कौतुकातच धरतो.) पण समोरासमोर आले की सुरू.

भांडणाचं मूळ म्हणजे लेबलं. येत्या शनिवारी आमचं वजनमापांचं नवं दालन उघडणार आहे. जुने तराजू, धान्य मोजायची लाकडी मापं, एकात एक बसणारी पितळी वजनं, सोनारांचे काटे, सगळं काचेमागे मांडलं आहे, आणि प्रत्येक वस्तूखाली चार ओळी लिहायच्या आहेत. चार ओळी हे सरांचं म्हणणं. बाईंच्या मते चार ओळींत वस्तूचं नुसतं नाव मावेल. पितळी वजनांच्या संचाला बाईंनी लिहिलेलं लेबल ‘ओतीव पितळ, शंक्वाकृती, अभिप्रमाणित’ असं सुरू होऊन कपाटाच्या कडेपर्यंत जात होतं. सरांनी ते बाजूला ठेवून स्वतःचं लिहिलं: ‘यातलं सगळ्यात छोटं वजन कुठे लपलंय?’

‘हे लेबल आहे की लपंडाव?’ बाई म्हणाल्या.

‘बाई, तुमचं वाचताना माणूस उभ्या उभ्या झोपेल.’

‘झोपू दे. हात तरी लावणार नाही.’

त्या वेळी मी शिडीवर होतो आणि वरच्या काचा पुसत होतो. माझा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. पण सरांनी वर बघितलं आणि विचारलं, ‘काय रे, शिकलास किती?’ मी म्हणालो, नववी पास, त्यानंतर दुकान. (तुमच्यावर रोख नव्हता, मामा. विचारलं म्हणून सांगितलं.) ‘ये खाली. हे मोठ्याने वाच.’ मी हात पुसले, बाईंचं लेबल घेतलं आणि वाचायला लागलो. उच्चार माझे स्वच्छ आहेत, शुद्धलेखनात मला वर्गात कधी कोणी हरवलं नाही, पण ‘अभिप्रमाणित’ला मी थांबलो. समजलं का, विचारलं. मी नाही म्हणालो. बाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं, सांगून टाकावं की समजलं. मग सरांचं लेबल वाचलं. ते समजलं, पण मी म्हणालो की यातून ती वजनं कसली आहेत हे काही कळलं नाही. तेव्हा सरांचा चेहरा तसा झाला.

मोठ्या माणसांचं मोठेपण बघा. दोघांनी तिथल्या तिथे तह केला. हा पोरगा धड अडाणी नाही, धड शिकलेला नाही, आणि खोटं बोलताना याचे कान लाल होतात. तेव्हा याला जे समजणार नाही ते बाईंनी बदलायचं, आणि वाचून याच्या हाताला काहीच लागलं नाही तर सरांनी बदलायचं. त्या दिवसापासून मी रोज सकाळी नव्या लेबलांसमोर उभा राहायचो, मोठ्याने वाचायचो, आणि मी अडलो की दोन्ही बाजूंनी पेन्सिली चालायच्या. वॉचमनकाकांनी माझं नाव ‘माप’ ठेवलं. बाईंच्या खोलीतून हाक यायची, ‘माप आलंय का?’ आणि सगळ्या मजल्याला कळायचं की आता भांडण सुरू होणार.

आता मामा, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. तुम्ही मला साबणाच्या वड्या लावायला सांगितल्या होत्या तेव्हा मी त्या अक्षरं एका दिशेला करून लावल्या होत्या आणि तुमचं गिऱ्हाईक निघून गेलं होतं. तोच स्वभाव इथे नडला. रोज उठून दोन विद्वान माणसांसमोर ‘समजलं नाही’ म्हणायचं, याने माझी झोप उडाली. मी बाजारातून एक जुना शब्दकोश आणला (पहिली सोळा पानं नाहीत, त्यामुळे ‘अ’चे बरेच शब्द अजून अंधारात आहेत) आणि जेवणाच्या सुट्टीत तो वाचायला लागलो. बाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या भांडारात काम करताना मला बॅटरी धरायला बोलवायला लागल्या आणि काम करता करता सांगायला लागल्या. हे वजन असं का झिजलं, हा शिक्का कोणी मारला, ‘विचलन’ म्हणजे काट्याचं मधल्या खुणेपासून सरकणं. इतकं हळू आणि इतकं छान सांगायच्या की बॅटरी धरलेला हात भरून आला तरी मी बदलायचो नाही.

हे सरांच्या लक्षात आलं. मग तेही मला संध्याकाळी मुलांच्या वर्गात बसवून घ्यायला लागले. तिथे त्यांचा एकच नियम: जे समजलं नाही ते न लाजता सांगायचं, आणि समजलं असेल तर दुसऱ्याला सांगून दाखवायचं. ‘समजल्यासारखी मान हलवायची नाही, मान काय बैलपण हलवतो,’ असं ते म्हणायचे. मला दोन्हीकडे इतकं आवडायला लागलं की मी कोणाच्या विरुद्ध बोलावं हेच कळेना. बाईंच्या लेबलांतलं मला आता सगळं समजायला लागलं होतं, आणि सरांच्या लेबलांत जे लिहिलेलं नव्हतं तेही मला बाईंकडून आधीच कळलेलं असायचं. सगळी लेबलं धडाधड पास व्हायला लागली. बाईंची लेबलं हळूहळू पुन्हा लांबली. भांडणं थांबली. वॉचमनकाका म्हणाले, काहीतरी गडबड आहे.

ती गडबड मागच्या बुधवारी उघडी पडली. सरांनी दालन उघडण्याआधी चाचणी म्हणून एका शाळेची मुलं बोलावली होती. मुलं आली, कपाटांसमोर उभी राहिली, लेबलांची पहिली ओळ वाचली आणि पुढे सरकली. पाच मिनिटांत सगळी खिडकीपाशी जमून बाहेर भरणारी पाण्याची टाकी बघायला लागली. एक मुलगी तेवढी मागे थांबली होती. तिने सरांना विचारलं, ‘सर, हे तुम्ही मोठ्या शाळेतल्या मुलांसाठी लिहिलंय का?’

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग मला एका लेबलासमोर उभं केलं आणि विचारलं, ‘विचलन म्हणजे काय रे?’ मी सांगितलं. उदाहरणही दिलं. खरं तर दोन दिली. सर मटकन स्टुलावर बसले. ‘संपलं. आपलं माप बिघडलं.’

बाई तोवर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘वजनं झिजून हलकी होतात हे माहीत होतं. वाढलेलं वजन मी पहिल्यांदाच बघते आहे.’

मामा, त्या क्षणी मला तुमचा गल्ला डोळ्यांसमोर दिसला. दोघंही बाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. या दोघांनी एका खोलीत बसून दार लावून घेण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ती माझ्यामुळे आली होती. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर उभा राहिलो. ऐकायचं नव्हतं, पण ट्रे हातात असताना कानांवर हात ठेवता येत नाहीत.

‘तुम्ही त्याला शब्द शिकवलेत, बाई! चोरून! भांडारात नेऊन!’

‘आणि तुम्ही? तुम्ही त्याला रोज संध्याकाळी वर्गात बसवलंत ते कशाला?’

‘मी त्याला, समजलं नाही तर समजलं नाही म्हण, असं शिकवलं.’

‘ते आपल्या बाजूला वळवणंच झालं.’

‘त्याने विचारलं म्हणून मी सांगितलं!’

‘मलाही त्याने विचारलंच होतं.’ मग बाईच, जरा हळू: ‘असं विचारत उभा राहिला तर कोण नाही सांगणार हो?’

हे ऐकायला मी इतका पुढे सरकलो की ट्रे दारावर आपटला. दार उघडलं, सरांनी ट्रे घेतला, दार परत लागलं आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. भांडताना बाईंचा आवाज वाढत नाही, सरांचा मात्र वाढतो. तो इतका वाढला की दुसऱ्या दिवशी सकाळी सर कामावर आले तेव्हा त्यांच्या घशातून नुसती हवा येत होती. आणि दारात दुसऱ्या शाळेची बस उभी होती.

सहावीची तीस मुलं, आणि सांगणाऱ्याला आवाज नाही. सर बाईंकडे बघायला लागले. बाई छताकडे बघायला लागल्या. मग त्यांनी साडी सारखी केली, हातमोजे घातले (का, ते माहीत नाही, मला वाटतं धीर यावा म्हणून) आणि मुलांसमोर जाऊन हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत बाई मुलांसमोर उभ्या राहिलेल्या कोणी बघितल्या नव्हत्या. ‘प्रस्तुत दालनात,’ असं त्या म्हणाल्या आणि मुलं खिडकीकडे सरकायला लागली.

सर मुलांच्या मागे एक पाटी घेऊन उभे होते. त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बसा’. बाईंनी ते वाचलं आणि मुलांना म्हणाल्या, ‘बसा.’ मुलं बसली. सरांनी जोरजोरात मान हलवली आणि पाटीवर पुढे लिहिलं, ‘तुम्ही’. बाईंनी इकडे तिकडे बघितलं. खुर्ची नव्हती. मामा, आमच्या क्युरेटर बाई, ज्यांच्यासमोर संचालकसाहेबसुद्धा खिशात हात घालतात, त्या सावकाश एक गुडघा, मग दुसरा गुडघा टेकून जमिनीवर मुलांसमोर बसल्या. बसल्यावर त्यांनी समोर बघितलं, आणि मला वाटतं, तिथूनच त्यांना पहिल्यांदा दिसलं की कपाटाची निम्मी काच मुलांच्या डोक्यावरून जाते. ‘अगं बाई,’ असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. ते ‘अगं बाई’ ऐकून पुढची ओळ हसली आणि तिथून गाडी सुटली.

एका मुलीने विचारलं, ही वजनं कोणी चोरली तर? बाई म्हणाल्या, ‘वजन कशाला चोरायचं? वजनाने चोरी करता येते.’ खिडकीजवळची मुलं परत आली. मग बाईंनी मला भांडारातून एक ट्रे आणायला सांगितला. त्यावर अगदी सारखी दिसणारी दोन लोखंडी वजनं होती. एक खरं. दुसरं एका दुकानदाराचं, खालून कोरून आत लाख भरलेलं आणि वरून काळं रंगवलेलं. (मामा, मी तिथे आपल्या दुकानाचा विषय काढला नाही. आपली वजनं खरी आहेत हे मला माहीत आहे. तुम्ही दुपारी झोपलेले असताना मी एकदा तपासली आहेत.) बाई म्हणाल्या, यातलं खोटं ओळखा. मुलांनी बघितलं. वाकून बघितलं. झोपून बघितलं. कोणालाही ओळखता येईना. बाईंनी आपले हातमोजे काढले आणि त्या मुलीला घातले. मग म्हणाल्या, ‘डोळ्यांनी नाही कळायचं, बाळ. हात पुढे कर. घे. हात लाव.’

दारात वॉचमनकाकांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. सरांनी पाटी छातीशी धरली. मी बोलणं टिपून घेत होतो (कोणी सांगितलं नसलं तरी मी नेहमी काही ना काही लिहीत असतो, तुम्हाला माहीतच आहे). त्या मुलीने दोन्ही हातांत दोन वजनं तोलली, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘हे खोटं. हे रिकामं रिकामं लागतंय.’

मग प्रत्येकाला तोलून बघायचं होतं. सरांनी पाटीवर लिहिलं, ‘वेळ झाली’, तर बाई मान वर न करता म्हणाल्या, ‘थांबा हो जरा!’ बसचा ड्रायव्हर दोनदा बोलवायला आला आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानेही वजनं तोलून बघितली. मुलं गेल्यावर सरांनी स्वतः ती दोन वजनं भांडारात नेली आणि तासभर मऊ फडक्याने एकेक बोटाचा ठसा काढत बसले. मी मदत करायला हात पुढे केला तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. आवाज असता तर काय म्हणाले असते, ते मी इथे लिहीत नाही.

त्या दिवसापासून लेबलांची रीत बदलली. आता बाई लिहीत नाहीत. एखादं मूल समोर बसवायचं (वॉचमनकाकांची नात, कँटीनवाल्याची मुलगी, जे मिळेल ते), बाईंनी त्याला वस्तूबद्दल सांगायचं, मी शब्दन् शब्द उतरवायचा, सरांनी त्यातलं जास्तीचं कापायचं आणि बाईंनी कापलेल्यातलं निम्मं परत घालायचं. भांडण पूर्वीइतकंच होतं, पण आता शेवटी लेबल तयार होतं. त्या खोट्या वजनाचं लेबल तुम्हाला लिहून पाठवतो: ‘हे वजन खरं दिसतं. खालून कोरून आत लाख भरली आहे. हातात घेतलं की रिकामं रिकामं लागतं. ज्यांना ते हातात घेऊ दिलं नाही, ते फसले.’ शेवटचं वाक्य बाईंचं आहे. सरांनी पेन्सिल उचलली, वाचलं, परत वाचलं, आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली. एकही शब्द कापला नाही. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष त्या पेन्सिलीकडे होतं. आता त्या कपाटाशेजारी एक टेबल मांडलं आहे, त्यावर दोन्ही वजनांच्या हुबेहूब नकला आहेत, आणि त्या करून घ्यायचा खर्च बाईंनी आपल्या विभागातून सोसला आहे. टेबलावर पाटी सरांच्या अक्षरात आहे. मजकूर काय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता तो कागद. मला वाटलं होतं की इतकं झाल्यावर सह्या पटकन होतील. पण कागदावर एक रकाना आहे: विभाग. बाईंनी त्यात ‘संग्रह’ लिहिलं, कारण मी वस्तू जपून हाताळतो आणि माझं अक्षर चांगलं आहे. सरांनी ते खोडून ‘शिक्षण’ लिहिलं, कारण मला न समजलेलं सांगायची लाज वाटत नाही. बाईंनी नवा कागद मागवला. सरांनीही मागवला. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, एका माणसाचे दोन विभाग होत नाहीत, आणि महिनाअखेरपर्यंत एकमताने सह्या झाल्या नाहीत तर जागा रद्द. तेव्हा दोघांनी मला बोलावून विचारलं, तुला कुठे यायचंय? मी म्हणालो, दोन्हीकडे. दोघं एकदमच म्हणाले, ‘हे काही उत्तर झालं?’ त्यांचं एकमत झालेलं मी ऐकलं ते एवढंच. मामा, ज्यांनी मला शिकवलं त्यातल्या एकाला मी नको कसं म्हणू? आणि म्हटलं नाही तर दोघंही सुटतात.

काचवाला आला आहे, शिडीसाठी हाका मारतो आहे, म्हणून आवरतं घेतो. गुडघ्याला जपा. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांगा आणि मामींना सांगा की इथल्या चहात साखर कमी असते पण मी तक्रार करत नाही.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक वेळा)
भाचा

ता.क. मामा, आता मूळ मुद्दा. ही दोन माणसं एकमेकांशी भांडतात तोवर आपापला हट्ट सोडणार नाहीत. पण परवा ओळखीच्या दुसऱ्या संग्रहालयातून बाईंचा एक तराजू मागायला माणूस आला होता, तेव्हा बाई आणि सर दोघं दारात खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले मी बघितले. म्हणजे बाहेरचं कोणी काही न्यायला आलं की यांचं जमतं. तेव्हा कृपा करून तुम्ही एक कडक पत्र लिहा. दोघांच्या नावे, एकच. ‘आमचा भाचा आम्हाला ताबडतोब परत पाहिजे, संग्रहालयात काय ठेवलंय, पोराचं नुकसान करताय,’ वगैरे. मजकूर मी सुचवायची गरज नाही. पत्र खरं वाटावं म्हणून वेगळे कष्ट घेऊ नका, फोनवर बोलता तसंच लिहा.

ता.क. २. मामी, हे तुमच्यासाठी. पत्र लिहिता लिहिता मामांना त्यातलं सगळं मनापासून पटायला लागण्याचा संभव आहे. तसं दिसलं तर पेन काढून घ्या आणि पोस्टात तुम्ही स्वतः टाका. गल्ल्यावर, माझ्या मते, तुम्ही बसावं. उधारी तुमच्याइतकी कोणीच वसूल करत नाही, आणि मिरच्यांपासून गल्ला दूर आहे.

ता.क. ३. हिशेब.
शब्दकोश, जुना, सोळा पानं कमी: ३५
बॅटरीचे सेल (बाई देत होत्या, मी घेतले नाहीत): १२
सरांच्या घशासाठी गोळ्या, निम्म्या: ८
सोबत पाठवलेलं पाकीट, पत्ता लिहून आणि तिकीट लावून: ६
एकूण खर्च: ६१
तुम्हाला देणं: येतानाचं बसभाडं, पहिल्या पगारात.
तुमच्याकडून येणं: एक पत्र, रागाचं, वीस तारखेच्या आत.